मापाची वही

उजव्या जांघेत लिंबाएवढं काही
पायडल मारलं की वर यायचं,
आडवं झालं की आत जायचं.
तीन वर्षं मी त्याला नावच दिलं नाही.
लग्नसराई, ब्लाउजांची घाई,
आणि खरं सांगायचं तर भीती.

मग बाजाराच्या दिवशी, दारव्ह्यात,
अस्तराचा गठ्ठा उचलला
आणि ते आत जायला तयार होईना.
अर्धा तास कापडवाल्याच्या गादीवर
पाय वर करून पडलो. गेलं एकदाचं.

कुसुम म्हणाली, "आता डॉक्टर पाय."
कोणता?

गावात ज्याच्या-त्याच्याकडं एक नाव.
सरपंचाचं नागपूरचं, काचेच्या दवाखान्याचं.
औषधाच्या दुकानातल्या पोराचं वेगळंच;
चिठ्ठीवर त्यानं खाली स्वतःचंही नाव लिहिलं.
यातलं मला शिकवावं लागत नाही,
बटणवाल्याशी माझाही तसाच व्यवहार आहे.

मी नावं सोडली. टाके पाहिले.

दयाराम गावंड्याचं अपेंडिक्स:
पाच जागी ओढलेली शिवण, कडा चुरगळलेली,
दिवाळीच्या आदल्या रात्री टीप मारावी तशी.
लक्ष्मण मेश्रामनं बैल धुता धुता बनियन वर केलं.
रेघ सरळ, पण एका टोकाला फुगवटा.
"दुसऱ्यांदा आलं, भाऊ."
परत गेला नाहीस त्याच्याकडं?
"गेलो ना. त्यानं मले वयखलंच नाई."

वच्छलाबाईंचं कुसुमनं पाहिलं,
मला सांगताना स्वतःच्या मनगटावर नखानं रेघ ओढली:
एवढीशी. शोधा लागते.
कोणी केलं? यवतमाळच्या तिडके बाईनं.
"आन् मांगून फोन केला म्हणते तिनं,
टाके सुकले का म्हणून.
पोटच्या पोरीनं बी नाई केला."

रात्री मापाची वही उलटी धरली,
मागच्या पानापासून सुरू केली.
छाती, कंबर, बाही लिहिणाऱ्या हातानं लिहिलं:
कधीपासून. किती मोठं. कशानं वाढतं.
बीपीची गोळी, अर्धी, सकाळी.
सोनोग्राफी निळ्या पिशवीत, रेशनकार्डासोबत.
विचारायचं: भूल कोणती. शिलाई किती पडेल.
पायडल कधी मारता येईल.
आणि सगळ्यात खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं:
अशी किती केलीत?

कुसुमनं वही ओढली, चष्मा माझाच लावला,
लिहिलं: खर्रा, दिवसाला चार.
मी म्हटलं, दोन.
तिनं चारचे सहा केले.

नवा पायजमा शिवला, नाडी रुंद,
एका ओढीत सुटेल अशी.
परक्या बाईसमोर गाठ अडकली तर?

तिडके बाईंनी वही सगळी वाचली.
सहावर बोट ठेवलं.
"हे आजपासून बंद. खोकलात तर माझी शिवण उसवेल."
माझी शिवण, म्हणाल्या.
शेवटच्या ओळीला त्या आल्या तेव्हा
मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सुट्ट्या मोजत होतो.
राग आला नाही त्यांना.
"सातशेच्या वर. अकरा परत आली.
ती लिहून ठेवली आहेत."

मग खणातून जाळीचा तुकडा काढून हातात दिला.
अंगठ्यानं चोळली. उजेडाला धरली.
उभी ताणली, आडवी ताणली.
कापडापुढं मी कुणाला भीत नाही, विचारलं,
"आत गेल्यावर आकसते का?"

बाई पहिल्यांदाच खुर्चीत मागं टेकल्या.
"थोडी आकसते. म्हणून भोकापेक्षा
चहूबाजूंनी मोठी लावते."

"म्हंजे माया ठेवता."

त्यांना तो शब्द वेगळाच ऐकू आला असावा.
कुसुम खाली पाहून हसत होती.

मी वही मिटली, तारीख विचारली.
मंगळवार, उपाशीपोटी.

परतीच्या एसटीत, लाडखेडच्या फाट्यावर आठवलं,
शिलाई किती ते विचारायचं राहूनच गेलं.